बिल वाचणारा गिरणीवाला

नारायणगाव कुठं संपतं आणि वारूळवाडी कुठं सुरू होते, हे पाटी वाचली तरच कळतं. दुकानांची रांग काही तुटत नाही. टोमॅटोच्या हंगामात उपबाजाराकडे निघालेल्या पिकअपची धूळ अंगावर घेत इथली गॅरेजं, वायंडिंगची दुकानं, रसवंत्या, दूध संकलन केंद्रं आणि पिठाच्या गिरण्या चालतात. धंद्यात काय खुपतं असं विचारलं, की आधी गाळ्याचं भाडं येतं, मग उधारी, मग महावितरणचं बिल. भाडं आणि उधारी यांवर माणसं तासभर बोलतात. बिलाबद्दल मात्र एकच वाक्य: "यंदा लई आलं." का आलं, ते वाचायला कुणी बसत नाही.

परवा एका गिरणीत दळण ठेवायला गेलो, तर गिरणीवाल्या मामांनी सौर पॅनेलचं कोटेशन पुढं केलं. "छतावर बसवतो म्हणतो. बिलाची कटकटच नको."

"मामा, आधी बिल दाखवा."

"बिल काय बघायचं? आकडा मोबाईलवर येतोय की."

शेवटी देवाच्या फोटोमागून पिठाने माखलेली तीन-चार बिलं निघाली. त्यावर 'दर संकेत' म्हणून एक ओळ असते. तुमची वीज कुठल्या भावाने मोजायची, ते तिथं ठरतं. मोटार तीच, तारा त्याच, पण काम बदललं की भाव बदलतो. पिठाची गिरणी, मसाला कांडप, छापखाना हे औद्योगिक दरात येतात. शिंप्याचं दुकान, लाँड्री, सलून, गाड्या दुरुस्तीचं गॅरेज वाणिज्य दरात. आणि पोल्ट्री, रोपवाटिका, शेतमालाचं शीतगृह यांना 'शेती-इतर' असा वेगळा दर आहे. जुन्नर-आंबेगावात पोल्ट्रीच्या शेड काही कमी नाहीत, त्यामुळे ही ओळ इथं फार मोलाची. वर वीज शुल्काचा फरक आहेच: वाणिज्य बिलावर २१ टक्के, औद्योगिक बिलावर साडेसात.

घोळ होतो तो भाड्याच्या गाळ्यात. आधी तिथं किराणा दुकान असतं, जोडणी मालकाच्या नावावर आणि वाणिज्य दराची. नवा भाडेकरू कांडप यंत्र बसवतो आणि वर्षानुवर्षं किराण्याच्या भावाने मिरची कुटतो. महावितरणच्या उपविभाग कार्यालयात उद्यम नोंदणीची प्रत जोडून दर बदलण्याचा अर्ज करता येतो. उलट बाजूही सांगायला हवी. घरच्या मीटरवरून दुकान चालवणाऱ्याला वीज कायद्याचं, म्हणजे २००३ च्या कायद्याचं कलम १२६ लागू होऊ शकतं आणि मग आकारणी दुप्पट दराने होते. तिथं 'आम्हाला माहीत नव्हतं' चालत नाही.

बाकी किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत पैसे भरले तर एक टक्का सूट, उशीर झाला तर सव्वा टक्का दंड. कागदी बिल नको म्हटलं तर दर बिलामागे दहा रुपये सूट. वाणिज्य किंवा औद्योगिक जोडणीचा मंजूर भार २० किलोवॅटच्या आत असेल, तर भार कमी करून स्थिर आकार उतरत नाही, तो जोडणीमागे ठरलेला असतो. त्या खटपटीत पडू नये. २० च्या वर गेलात की गणित फिरतं. तिथं युनिटं केव्हीएएचमध्ये मोजतात. पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर ८०० युनिटांच्या कामाला १००० चं बिल येतं. हजारो रुपये भरायचे आणि पॉवर फॅक्टर सांभाळणारा कपॅसिटर फुगला तरी बदलायचा नाही, असे कारखानदार मी पाहिलेत.

आता मामांच्या गिरणीकडे येऊ. दहा हॉर्सपॉवरची मोटार पूर्ण ओझ्याखाली तासाला साडेआठ युनिटं खाते. एक डबा संपला आणि दुसरं गिऱ्हाईक अजून वाटेत आहे, तेव्हा मोटार बंद होत नाही. दगड आणि पट्टा नुसता फिरवायलाही तासाला दोनेक युनिटं लागतात. दिवसात असे तीन तास धरले, तर महिन्याकाठी दीडशे युनिटं. आपल्या भागात एक किलोवॅटचं सौर पॅनेल सरासरी रोज चार, म्हणजे महिन्याला सव्वाशेच्या आत युनिटं देतं. म्हणजे मामांच्या कोटेशनमधला पहिला सव्वा किलोवॅट निव्वळ रिकामी गिरणी फिरवायला छतावर चढणार होता! शिवाय सूर्यघर योजनेतलं ७८ हजारांपर्यंतचं अनुदान घरगुती ग्राहकाला आहे, गिरणीला नाही. सौर वाईट नाही, पण त्याचा नंबर शेवटी लागतो.

मधले नंबर घाणेरड्या कामांचे आहेत. पट्टा ढिला असला की पुलीवर घसरतो आणि वीज उष्णता होऊन जाते. हात लावला तर पुली पोळते. दगडाला टाकी वेळेवर लावली नाही, तर तेच दळण जास्त वेळ घेतं आणि पीठही तापतं. तिसरी गोष्ट मोटार 'भरून' आणण्याची. जळली की वायंडरकडे, पुन्हा जळली की पुन्हा वायंडरकडे. तार हलकी वापरली किंवा जुनं वायंडिंग नुसतं जाळून काढलं, तर प्रत्येक खेपेला कार्यक्षमता थोडी उतरते. दोनदा-तीनदा भरलेली, रोज सात-आठ तास चालणारी मोटार मोडीत घालून चांगल्या वर्गाची नवी घेणं बहुधा स्वस्त पडतं.

दूध संकलन केंद्राचं दुखणं निराळं. हजार लिटर दूध ३४ अंशांवरून ४ अंशांवर आणायला हिशोबाने १२ ते १४ युनिटं लागतात. पण कूलर भिंतीला चिकटलेला, कंडेन्सरवर बोटभर धूळ आणि वर पत्र्याचं छत, अशी अवस्था असेल तर हा आकडा चढत जातो. दूध कूलरमध्ये सोडण्याआधी विहिरीच्या पाण्याच्या नळ्यांवरून फिरवलं, तर पहिले आठ-दहा अंश जवळजवळ फुकट उतरतात. कंडेन्सर मात्र ब्रशने झाडायचा, पाण्याचा फवारा मारून पाती वाकवायची नाहीत.

नारायणगावात पाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. फडांच्या खर्चाच्या वहीत जनरेटरच्या डिझेलचं पान जाड असणारच. लहान जनरेटर लिटरभर डिझेलमध्ये जेमतेम तीन युनिटं देतो. या भावापुढे महावितरणची वीज स्वस्तच म्हणायची, आणि म्हणून वीज गेली की लगेच जनरेटर ओढायच्या आधी गॅरेजवाल्याने कुठलं काम तासभर थांबू शकतं ते बघावं.

मामांनी कोटेशन घडी करून बिलांबरोबर फोटोमागे ठेवलं. दोन आठवड्यांनी गेलो, तर दारावर खडूने लिहिलेलं: 'दळण सकाळी ९ ते १२, संध्याकाळी ५ ते ७.' डबे ओळीने लागलेले, मोटार एकदाच सुरू. बाजरीचा डबा घेऊन आलेल्या एक आजी पाटी वाचून घेत म्हणाल्या, "आता गिरणीलाबी बँकेवाणी टायमात यायचं का रं?"

"डबा ठेवून जावा आजी," मामा म्हणाले, "पोरगं घरी आणून देईल."