परदेशच्या व्हिसाची वाट गावातून जाते

मुलगी सासरी निघाली म्हणजे पूर्वी तुळजापूरहून परंड्याला, फार तर सोलापूर-पुण्याला जात असे. आता एखादे सासर दुबईत असते, एखादे जर्मनीत. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. माणूस कामाला गेला की मागोमाग बायकामुलांना नेण्याचा प्रश्न येतोच. तो कसा सोडवावा, ते आज पाहू या.

प्रथम एक फरक ध्यानात घ्या. पासपोर्ट आपले सरकार देते. तो आपली ओळख. व्हिसा परक्या देशाचे सरकार देते. ती त्यांच्या घरात शिरण्याची परवानगी. पाहुणा म्हणून जाण्याचा व्हिसा वेगळा आणि कुटुंबासह राहण्याचा वेगळा. जर्मनीत ही सीमा नव्वद दिवसांची आहे. ‘आधी पाहुणे म्हणून जाऊ, मग तिथेच राहू’ हा बेत मनात आणू नका.

समजा, कळंब तालुक्यातील एका मुलीचा नवरा जर्मनीत नोकरीला आहे. तिचा अर्ज मुंबईच्या जर्मन वकिलातीसाठी असतो. नवऱ्याने तिकडून आपला राहण्याचा परवाना, पगाराचे कागद आणि घराचा करार पाठवायचा. मुलीने इकडून पासपोर्ट, विवाहाचा दाखला आणि मुले असतील तर त्यांचे जन्मदाखले जोडायचे. पुष्कळ जणींना जर्मन भाषेची ‘ए-१’ ही पहिली परीक्षा द्यावी लागते. काही कुशल कामगारांच्या जोडीदारांना तीतून सूट आहे. तेव्हा पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात फी भरण्याआधी नवऱ्याचा परवाना कोणत्या प्रकारचा आहे, ते विचारून घ्या. पुढे नवरा राहतो त्या शहरातील परदेशी नागरिकांच्या कचेरीचेही मत घेतले जाते. त्यात महिने जातात. हाती व्हिसा येईपर्यंत तिकीट काढू नका, की म्हैस विकू नका!

आता अडते कुठे? बहुधा नावात. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने सुनेचे नवे नाव लिहितात. हौस चांगली आहे. पण शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, विवाहाच्या दाखल्यावर तिसरे, असे झाले तर परक्या अधिकाऱ्याला ती तीन बाया वाटतात. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. बदलायचे तर सगळीकडे बदला, आणि इंग्रजी अक्षरेही सर्वत्र तीच ठेवा.

विवाहाची नोंद १९९८ च्या महाराष्ट्र कायद्याप्रमाणे लग्नापासून नव्वद दिवसांत करायची असते. खेड्यात ती ग्रामपंचायतीत होते. लग्नपत्रिका आणि फोटो म्हणजे दाखला नव्हे. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून ती होत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बाळाला तर पासपोर्टसाठी जन्मदाखलाच लागतो. शाळेचा दाखला त्याला चालत नाही.

आपल्या जिल्ह्याची आणखी एक अडचण आहे. जुन्या कागदांवर जन्मस्थळ ‘उस्मानाबाद’, तर २०२३ साली नाव बदलल्यानंतरच्या कागदांवर ‘धाराशिव’. जुने दाखले खोटे ठरत नाहीत. पण बर्लिनमध्ये बसलेल्या माणसाला हे एकच ठिकाण आहे हे कसे कळावे? म्हणून नामांतराच्या शासकीय राजपत्राची प्रत अर्जाला जोडावी. उमरगा-लोहारा भागात १९९३ च्या भूकंपात ज्यांची घरे पडली, त्यांतील कित्येकांचे कागदही मातीत गेले. त्यांनी मूळ नोंदीची नक्कल आताच मागून ठेवावी. अर्जाच्या दिवशी धावपळ नको.

आपला दाखला परदेशात मानला जावा म्हणून त्यावर सरकारी साक्षांकन लागते. ‘अपोस्टिल’ नावाची पद्धत त्यासाठीच आहे. ती ठरवणाऱ्या हेगच्या करारात भारत २००५ साली सामील झाला. मात्र प्रत्येक देश ती मानतोच असे नाही; काहींची साक्षांकनाची रीत निराळी असते. म्हणून त्या देशाच्या वकिलातीने दिलेली यादी वाचूनच खर्च करा. मूळ दाखल्याला लॅमिनेशन करू नका. मग त्यावर शिक्का मारणे अवघड होते. आणि ‘व्हिसा नक्की मिळवून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला पैसे मोजू नका. निर्णय वकिलातीचा असतो, दलालाचा नव्हे.

शेवटी गुरुजी आणि बाईंना एक विनंती. पूर्वी शाळेत नाव घालताना सोय म्हणून १ जून ही जन्मतारीख लिहीत. त्यापायी सख्ख्या भावांच्या तारखांत कधी कधी सहाच महिन्यांचे अंतर पडले! अशा आईने मुलाकडे परदेशी जायचे म्हटले, तर ती त्याची आई हेच सिद्ध करावे लागते. तेव्हा पहिलीत नाव घालताना जन्मदाखला पाहूनच तारीख लिहा, नाव पूर्ण लिहा, आणि चूक दिसली तर मूल शाळेत आहे तोवरच दुरुस्त करून घ्या. शाळा सुटल्यावर ती दुरुस्ती फार जड जाते. रजिस्टरातली तुमची एक नीट ओळ वीस वर्षांनी एखाद्या ताटातुटीत पडलेल्या घराला एकत्र आणील.