मीठ वाढवू नका, आयोडीन चुकवू नका

कापडधंद्याच्या ओढीने जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली मराठी कुटुंबे सुरतमध्ये लिंबायत, उधना, दिंडोलीपासून पर्वत पाटियापर्यंत स्थिरावली. त्यांच्याबरोबर भाकरी, कळण्याचे पीठ आणि बिबड्या आल्या, तशा मिठाबद्दलच्या समजुतीही आल्या. घरात नवी सून असेल, गर्भवती असेल किंवा तान्हे बाळ असेल, तर त्यातल्या काही समजुती आजच तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज : आयोडीनची कमतरता डोंगराळ मुलखात असते. आपण तर समुद्राजवळ राहतो.

वस्तुस्थिती : हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी 1956 पासून केलेल्या कामातून आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे दिसले आणि हा आजार हिमालयाशी जोडला जातो. पण 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुजरातच्या डांग जिल्ह्यातच नव्हे, तर सपाट बडोदा जिल्ह्यातही आयोडीनची कमतरता आढळली. जमिनीतले आयोडीन पावसाने आणि पुराने वाहून गेले, की तिथल्या धान्यात आणि भाजीपाल्यातही ते कमी उतरते. समुद्राजवळ घर असल्याने ताटातले आयोडीन वाढत नाही.

गैरसमज : जाडे मीठ समुद्राचे, म्हणजे त्यात आयोडीन असणारच.

वस्तुस्थिती : देशातले तीन-चतुर्थांशाहून अधिक मीठ गुजरात पिकवतो, त्यामुळे हा समज इथे फार घट्ट आहे. हिशोब करून पाहा. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन जेमतेम 50 ते 60 मायक्रोग्रॅम. ते सगळेच्या सगळे मिठात उतरले, तरी ग्रॅममागे दोन मायक्रोग्रॅमही भरत नाही. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात मात्र ग्रॅममागे किमान 15 मायक्रोग्रॅम आयोडीन असावे लागते. म्हणून कारखान्यात ते वेगळे मिसळतात. आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यावर 17 मे 2006 पासून देशभर बंदी आहे. तरीही 2018-19 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पुरेसे आयोडीन असलेले मीठ 76.3 टक्के घरांतच सापडले. म्हणजे साधारण चारातले एक घर तेव्हाही वंचित होते.

सैंधवाचेही तेच. एकादशीच्या उपवासाला ते चालेल. पण ‘शुद्ध’ म्हणून रोजच्या भाजी-आमटीत तेच वापरले, तर घराचा आयोडीनचा मुख्य आधार सुटतो.

गैरसमज : गळ्याला गाठ नाही, म्हणजे कमतरता नाही.

वस्तुस्थिती : गलगंड दिसतो, मेंदूचे नुकसान दिसत नाही. गर्भाची थायरॉइड ग्रंथी चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास नीट काम करू लागते. तोवर मेंदूच्या वाढीला लागणारे थायरॉक्सिन हे संप्रेरक आईकडूनच येते आणि थायरॉक्सिनच्या प्रत्येक रेणूला आयोडीनचे चार अणू लागतात. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल परिसरातल्या हजाराहून अधिक माता-बालकांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. गरोदरपणाच्या सुरुवातीला ज्या मातांच्या शरीरात आयोडीन कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये आठव्या-नवव्या वर्षी भाषिक बुद्ध्यांक आणि वाचन मागे पडण्याचे प्रमाण जास्त दिसले. ही कमतरता सौम्य ते मध्यम होती.

पाळी चुकल्याचे कळेपर्यंत यातले काही मोलाचे आठवडे निघून गेलेले असतात. त्यामुळे योग्य मीठ नवी सून येणाऱ्या घरात आधीपासूनच असायला हवे, दिवस राहिल्यावर आणू म्हणून चालत नाही.

गैरसमज : गरोदरपणी आयोडीन जास्त लागते, तर मीठ जास्त खावे.

वस्तुस्थिती : गरज वाढते हे खरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाला रोज 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, गर्भवती आणि स्तनदा मातेला 250 लागते. पण मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आतच हवे, कारण जादा सोडियम रक्तदाब वाढवते. मीठ मोजकेच घ्या, पण त्यातली प्रत्येक चिमूट आयोडीनयुक्त असू द्या; दूध, दही, अंडी आणि मासे यांतूनही आयोडीन मिळते. थायरॉइडची गोळी चालू असेल, तर गोळी किंवा आहार स्वतःहून बदलू नका, डॉक्टरांना विचारा.

गैरसमज : बाळालाही आयोडीनसाठी थोडे मीठ द्यावे.

वस्तुस्थिती : नको. एक वर्षापर्यंत बाळाच्या खाण्यात मीठ घालू नये. त्याचे मूत्रपिंड अजून कोवळे असते. पहिले सहा महिने आईचे दूध हेच त्याचे सगळे अन्न. आईच्या पोटात आयोडीन गेले, तर ते दुधातून बाळाला मिळते. सहा महिन्यांनंतर वरणभात किंवा खिचडी सुरू करताना बाळाचा वाटा मीठ घालण्याआधी बाजूला काढा आणि अंगावरचे दूध चालू ठेवा.

गैरसमज : बाजरी, कोबी, फ्लॉवर खाल्ले की थायरॉइड बिघडतो.

वस्तुस्थिती : बाजरीत आणि कोबीवर्गीय भाज्यांत थायरॉइडच्या कामात अडथळा आणणारी द्रव्ये असतात. आयोडीन मुळातच कमी असेल, तेव्हा त्यांचा त्रास वाढतो. आयोडीन पुरेसे असेल, तर रोजची भाकरी सोडायचे कारण नाही.

गैरसमज : शिजवताना आयोडीन उडून जाते, मग महागडे मीठ कशाला?

वस्तुस्थिती : आपल्याकडे मिठात पोटॅशियम आयोडेट असते. ते बरेच टिकाऊ आहे. स्वयंपाकात थोडा भाग जातो, बराच उरतो. खरे नुकसान होते ते साठवणीत. पिशवी उघडी राहते, शेगडीजवळच्या ताटलीत मीठ पाणी सोडते, जाडे मीठ वापरण्याआधी धुतले जाते. मीठ झाकणाच्या कोरड्या बरणीत, आच आणि ओल यांपासून दूर ठेवा. भाजी शिजत आल्यावर घाला.

दुकानात पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ हे शब्द आणि तारीख पाहा, सुटे मीठ टाळा. आशाताईंकडे तपासणीचे किट असेल, तर घरातले चिमूटभर मीठ त्यांच्यापुढे ठेवा. द्रावणाचा थेंब पडताच ते निळे-जांभळे झाले, तर आयोडीन आहे. नेमके प्रमाण यातून कळत नाही, पण आयोडीन मुळीच नसेल तर ते लगेच समजते. माता-बालकांच्या तपासणीच्या ‘ममता दिवसा’ला लसीकरणासाठी जाल, तेव्हा मिठाबद्दलही विचारा. सासूबाई, नणंद, जाऊ, स्वयंपाकाची सूत्रे ज्यांच्या हाती आहेत त्या सगळ्यांना हे सांगा. गर्भवतीच्या ताटात कोणते मीठ पडते, हे बहुतेक घरांत त्याच ठरवतात.