दुकानांतील गारवा आणि उष्णतेचा जमाखर्च

वर्ध्याच्या बाजारपेठेंत वैशाखांतील दुपार ही दुकानदाराच्या कसोटीची वेळ. पारा ४५ अंशांच्या पुढें जातो, रस्ता ओस पडतो, आणि कापडाचा गठ्ठा सोडून दाखविण्याची उमेद ना विकणाऱ्यास उरते, ना घेणाऱ्यास. अशा वेळीं वातानुकूलन यंत्राचा विचार मनांत आला, कीं पहिला प्रश्न येतो तो यंत्र किती टनांचें घ्यावें हा. त्याचें एक ठरीव उत्तर प्रचारांत आहे: दर शंभर ते दीडशे चौरस फुटांस एक टन. हा आडाखा सोयीचा खरा. परंतु छप्पर कसलें, दर्शनी बाजू कोणत्या दिशेस, गिऱ्हाइकें किती, यांतील एकहि गोष्ट तो विचारीत नाहीं.

या टनाचा यंत्राच्या वजनाशीं कांहीं संबंध नाहीं. तें बर्फाच्या जमान्यांतील माप आहे. सुमारें ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळतांना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी उष्णता तेवढ्याच वेळांत बाहेर टाकण्याचें सामर्थ्य म्हणजे एक टन. विजेच्या भाषेंत साडेतीन किलोवॉट. यंत्र थंडी निर्माण करीत नाहीं, तर आंत आलेली उष्णता उपसून बाहेर टाकतें. गळक्या नावेंतील पाणी उपसणारानें आधीं भोकें कोठें आहेत तें पाहावें, तसेंच येथेंहि करावयाचें असतें.

उदाहरणादाखल वीस फूट रुंद व तीस फूट खोल असें एक दुकान घ्यावें. वर उघडा सिमेंटचा स्लॅब, दर्शनी बाजू पश्चिमेस, तिला शंभर चौरस फूट कांच, आणि दोन्ही अंगांस शेजाऱ्यांचीं दुकानें. बाहेर ४३ अंश असतां आंत २६ अंश राखावयाचे आहेत. दुपारीं चारच्या सुमारास तापलेल्या स्लॅबमधून जवळजवळ ५ किलोवॉट उष्णता आंत उतरते. पश्चिमेच्या उन्हानें कांचेंतून आणखी ५ येते. भिंतींतून २. खरेदीस हिंडणारा प्रत्येक मनुष्य सुमारें १३० वॉट उष्णता देतो. नोकर धरून पंधरा माणसें असल्यास त्यांची २. दिवे, पंखे व संगणक मिळून १. शेवटीं, श्वासासाठीं आवश्यक असलेली व दार उघडतांच घुसणारी बाहेरची हवा, तिची ४. एकंदर बेरीज १९ किलोवॉट, म्हणजे सुमारें साडेपांच टन.

चौरस फुटांचा आडाखाहि या सहाशे चौरस फुटांस चार ते सहा टन सांगतो. मग एवढी बेरीज कशासाठीं? आडाखा केवळ एक आंकडा देतो. बेरीज मात्र प्रत्येक रक्कम कोणाच्या नांवावर आहे तें दाखविते. छप्पर आणि कांच या दोघांनींच निम्म्याहून अधिक रक्कम अडविली आहे. स्लॅबवर दोन इंच जाडीचा उष्णतारोधक थर देऊन वर पांढरा लेप लावला, तर पांचांचे पाऊण होतात. कांचेपुढें बाहेरून छज्जा वा कनात आली, तर पांचांचे दोन. दार आपोआप मिटेल अशी व्यवस्था केली, तर चारांचे तीन. नवी बेरीज पावणेअकरा, म्हणजे तीन टनांहून किंचित् अधिक. एका युनिट विजेंत यंत्र सुमारें तीन युनिट उष्णता उपसतें असें धरल्यास भर दुपारीं ताशीं पावणेतीन युनिटें वांचतात. यंत्राची खरेदी एकदांच होते; विजेचें बिल मात्र दरमहा दाराशीं येतें.

परंतु मोठें यंत्र घेतल्यास बिघडलें कोठें, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर आषाढांत मिळतें. उन्हाळ्यांत वर्ध्याची हवा कोरडी असते; पाऊस सुरू होतांच उष्णमान उतरतें, पण ओलावा चढतो. त्या दिवसांत याच दुकानांतील हवेंतून ताशीं सात-आठ लिटर पाणी काढावें लागतें. गरजेहून मोठें यंत्र हवा झटपट गार करून थांबतें. ओलावा निपटून काढण्याइतका वेळ तें चालतच नाहीं. दुकान गार पण दमट होतें, आणि घडीच्या कापडास कुबट वास येऊं लागतो. आधुनिक वातानुकूलनाचा आरंभच मुळीं ओलाव्याच्या तक्रारींतून झाला. १९०२ सालीं अमेरिकेंत ब्रुकलिन येथील एका छापखान्यांत दमट हवेनें कागद फुगे, आकसे व रंग जागच्या जागीं बसत नसत. त्यावर विलिस कॅरिअर यानें योजलेला उपाय या विद्येचा पाया ठरला.

कोरड्या उन्हाळ्यासाठीं मात्र विदर्भाजवळ स्वतःची युक्ति आहे. वाळ्याचा पडदा भिजवून त्यांतून वारा घेणें, आणि तिचेंच यांत्रिक रूप म्हणजे कूलर. ४३ अंशांची कोरडी हवा चांगला कूलर २७-२८ अंशांवर आणतो, आणि वीज फारच थोडी घेतो. अट एवढीच, कीं त्या ओल्या हवेस बाहेर पडण्याची वाट हवी आणि पाण्याची ददात नको. मृगाचा पाऊस पडला, कीं हा उपाय लंगडा पडतो. म्हणून ज्यास बारमाही व्यवस्था हवी, त्यानें यंत्राचा अदमास मे आणि जुलै अशा दोन्ही महिन्यांसाठीं वेगवेगळा करावा.

वर्ध्याजवळच सेवाग्रामास बापू कुटी आहे. मातीच्या भिंती, बांबू आणि वर कवेलू. तेथें यंत्र नाहीं. उष्णतेस आंत येऊं द्यावयाचें नाहीं एवढाच हिशेब बांधणारांनीं केला. बाजारांतील दुकान तसें बांधतां येणार नाहीं, पण हिशेबाचा क्रम तोच ठेवतां येईल: आधीं छप्पर, मग पश्चिमेचें ऊन, मग दार, आणि सर्वांत शेवटीं यंत्राचे टन.