जंगलवाटेसाठी पहिले जीपीएस यंत्र घेताना

चोर्ला घाट चढून कणकुंबीच्या बाजूला उतरले, की अनेकांच्या मोबाईलवरील नकाशा अचानक कोरा पडतो. ‘जीपीएस गेले’ असे त्या वेळी सर्रास म्हटले जाते. वस्तुतः ते गेलेले नसते. उपग्रहांचे संकेत थेट आकाशातून येतात; त्यांना मोबाईलच्या मनोऱ्याची गरज नसते. खंडित होतो तो इंटरनेटवरून येणारा नकाशा. घरूनच नकाशा उतरवून घेतला असेल, तर साधा मोबाईलही खानापूरच्या रानात आपले स्थान बिनचूक दाखवतो. हातात धरायचे स्वतंत्र जीपीएस यंत्र विकत घेण्यापूर्वी एवढी गोष्ट ध्यानात घेतली, तर अनावश्यक खर्च टळतो.

अशा यंत्रांची मागणी गिर्यारोहकांबरोबरच जिओकॅशिंग खेळणाऱ्यांकडूनही असते. उपग्रहांच्या साहाय्याने चालणारा हा लपवाछपवीचा खेळ. एकाने डबी लपवायची, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि इतरांनी ती शोधून आतल्या वहीत नाव नोंदवायचे. नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम मिसळली जाणारी त्रुटी अमेरिकेने २ मे २००० रोजी काढून टाकली. तोवर चूक शंभर मीटरपर्यंत जाऊ शकत असे. ती एका रात्रीत काही मीटरांवर आली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात एका हौशी गृहस्थाने रानात बादली ठेवली आणि खेळ जन्माला आला. त्या बादलीत पुस्तकांसोबत गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा डबाही होता म्हणतात!

यंत्राची निवड मात्र खेळापेक्षा भूप्रदेशावर अवलंबून असते, आणि या बाबतीत बेळगाव जिल्ह्याची दोन टोके अगदी भिन्न आहेत. निपाणीच्या परिसरात वेदगंगेच्या काठची उसाची आणि तंबाखूची शेते, मोकळे माळ आणि मोठे आकाश आहे. तेथे कोणतेही यंत्र तीन ते पाच मीटरांपर्यंत अचूक राहते, मोबाईलसुद्धा. निव्वळ त्या पट्ट्यात भटकणाऱ्याने स्वतंत्र यंत्रावर पैसे खर्च करण्याचे कारण दिसत नाही. जांबोटी, कणकुंबी, भीमगड या दिशेला चित्र पालटते. ओल्या पानांचे दाट छत संकेत क्षीण करते. कड्यांवरून परावर्तित होऊन आलेले संकेत यंत्राला फसवतात आणि स्थान दहा-वीस मीटर इकडे तिकडे डोलू लागते. म्हणून अशा रानासाठी केवळ अमेरिकेच्या उपग्रहांवर न विसंबता युरोपचे गॅलिलिओ, रशियाचे ग्लोनास यांचेही संकेत घेणारे यंत्र निवडावे. दोन वारंवारितांवर संकेत घेणारी यंत्रे झाडीत अधिक स्थिर राहतात. त्यांची किंमतही तशीच चढी असते.

दुसरा प्रश्न विजेचा. सह्याद्रीच्या पावसात दिवसभर चालणाऱ्याला चार्जरपेक्षा पेन्सिल सेलचा आधार मोठा. गार्मिन कंपनीच्या ईट्रेक्स २२एक्स व ३२एक्स या यंत्रांत असे दोन सेल बसतात आणि ती सुमारे २५ तास चालतात, असे कंपनी सांगते. हे सेल कोणत्याही गावातल्या किराणा दुकानात मिळतात. बटणांचे यंत्र ओल्या बोटांनीही चालते. स्पर्शपडदा पावसाचे थेंबही बोटे समजतो. या दोहोंतील फरक म्हणजे ३२एक्समध्ये होकायंत्र व उंची मोजणारा वायुभारमापक आहे. होकायंत्र नसलेल्या यंत्राला दिशा कळते ती माणूस चालत असतानाच. डबीच्या अगदी जवळ, झुडपाभोवती थांबत थांबत शोध सुरू होतो, तेव्हाच ते गोंधळते. त्यामुळे पहिल्या खरेदीत एकाच सुविधेसाठी जादा पैसे मोजायचे असतील, तर ते होकायंत्रासाठी मोजावेत. ईट्रेक्स एसई या सोप्या यंत्रात होकायंत्र आहे, पण नकाशा भरता येत नाही. अनोळखी रानात ती उणीव मोठी ठरते.

नकाशा भरता येणाऱ्या यंत्रात ओपनस्ट्रीटमॅपचा मोफत नकाशा घालता येतो. गावाच्या नावाने शोध घेताना मात्र सावध राहावे. बेळगाव २०१४ पासून सरकारदरबारी बेळगावी झाले. नकाशात कोणते नाव, कोणत्या लिपीत सापडेल याचा नेम नाही. अक्षांश-रेखांशांना सीमावाद ठाऊक नसतो, तेव्हा आकडेच वापरलेले बरे. तेही नीट वाचावे लागतात. बेळगाव शहर सुमारे १५.८५ अंश उत्तर, ७४.५० अंश पूर्व येथे आहे. हेच अंश आणि मिनिटांत १५ अंश ५१ मिनिटे, ७४ अंश ३० मिनिटे असे लिहितात, आणि जिओकॅशिंगमध्ये हीच मिनिटांची पद्धत रूढ आहे. कुणी घाईने १५.५१ आणि ७४.३० असे आकडे दशांशात भरले, तर यंत्र त्याला चाळीस किलोमीटरहून अधिक दूर, गोवा सीमेवरच्या अरण्यात घेऊन जाईल. त्यात यंत्राचा काहीच दोष नसेल.

उपग्रहाद्वारे संदेश पाठवण्याची सोय असलेली यंत्रे, उदाहरणार्थ इनरीच, परदेशात लोकप्रिय आहेत. भारतात त्यांना दूरसंचार विभागाची पूर्वपरवानगी लागते. डिसेंबर २०२४ मध्ये असे यंत्र जवळ बाळगल्यावरून गोव्यातील विमानतळावर परदेशी प्रवाशावर कारवाई झाली होती. परदेशातील नातलगाकडून यंत्र मागवताना ही सुविधा त्यात नाही, याची खात्री करून घ्यावी. केवळ संकेत घेणाऱ्या साध्या यंत्राला ही अडचण नाही.

डबी कोठे ठेवावी, हाही नाजूक विषय आहे. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे ठाणे. लष्करी हद्दीजवळ हाती यंत्र घेऊन घुटमळणारा माणूस आणि झुडपात सापडलेली बेवारस डबी, दोन्ही पोलिसांना बोलावून घेतील. भीमगड तर २०११ पासून अभयारण्य आहे. तेथे वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल ठेवता येत नाही, मग डबी ठेवणे दूरच. जागामालकाची संमती हा या खेळाचाही मूळ नियम आहे.

यंत्र हाती आल्यावर पहिली चाचणी येळ्ळूरच्या राजहंसगडावर घ्यावी. गडाच्या पायथ्याशी यंत्र सुरू करून पाच मिनिटे स्थिर ठेवावे, ते स्थान नोंदवावे, वर जाऊन यावे आणि पडद्याकडे पाहतच परतावे. यंत्राने दाखवलेली जागा आणि प्रत्यक्ष जागा यांतले अंतर पावलांनी मोजावे. मग नव्या सेलची जोडी सोबत घेऊन जांबोटीचा रस्ता धरावा.