पोर्शन पूर्ण, वाचन अपूर्ण

पुस्तक चौथीचं, पण मुलगी अजून जोडाक्षराशी अडखळते. तिला चौथीचा धडा शिकवून काय हाती लागतं?

१९९०च्या दशकात अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम केनियातल्या काही ग्रामीण शाळांना नवी पाठ्यपुस्तकं दिली आणि पुस्तकं न मिळालेल्या तशाच शाळांशी त्यांची तुलना केली. सरासरी गुण वाढले नाहीत. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती, आणि अनेक मुलांसाठी इंग्रजी ही तिसरी भाषा!

मुंबईत ‘प्रथम’ संस्थेने दुसरा रस्ता धरला. पालिका शाळांतल्या तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी, म्हणजे बालसखी, रोज दोन तास वेगळं बसवून अक्षरओळख आणि साधी गणितं शिकवायची. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात हा प्रयोग तपासला. वडोदऱ्यात निम्म्या शाळांत बालसखी तिसरीला, उरलेल्यांत चौथीला. पुढच्या वर्षी अदलाबदल. त्यामुळे एकाच इयत्तेची मुलं बालसखीसह आणि बालसखीविना ताडून पाहता आली. गुण स्पष्ट वाढले. मला यातलं सर्वांत बोलकं निरीक्षण वेगळंच वाटतं: वाढ बालसखीकडे गेलेल्या मुलांचीच झाली. मागे वर्गात गर्दी कमी झाली, तरी तिथल्या मुलांना त्याचा लाभ दिसला नाही. म्हणजे नुसती पटसंख्या घटवून भागत नाही.

मग शिक्षकच कमी पडतात का? मुळीच नाही. बिहारमध्ये उन्हाळी शिबिरांत सरकारी शिक्षकांनी हीच पद्धत वापरली आणि मुलांचं वाचन सुधारलं. शाळा सुरू असताना मात्र नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य देऊन काही हललं नाही, कारण तिथे पोर्शन संपवण्याचं ओझं डोक्यावर होतं. हरयाणात २०१२-१३मध्ये शाळेच्या वेळापत्रकातच एक तास राखून ठेवला, तिसरी ते पाचवीची मुलं इयत्ता विसरून पातळीप्रमाणे बसवली आणि अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन पाठबळ दिलं. मुलांचं हिंदी वाचन सुधारलं. गणित मात्र तिथेच राहिलं. त्या राखीव तासात शिकवली जायची ती हिंदीच.