पहिला मुक्काम राजगुरुनगर

नाशिक, धुळे, इंदूर करत मोटारीने उत्तर हिंदुस्थान पाहायला निघालेली मराठी कुटुंबे पुणे सोडताना धसका घेतात तो चाकणच्या वाहतूक कोंडीचा. चाकण मागे पडले की हुश्श करायचे आणि थेट संगमनेर किंवा नाशिक गाठायचे, हा ठरलेला शिरस्ता. पुण्याच्या उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर, भीमेच्या काठी वसलेले राजगुरुनगर या घाईत राहूनच जाते. बाह्यवळण रस्ता झाल्यापासून तर गावात शिरायचीही गरज उरलेली नाही. कोल्हापूर, बेळगाव, गोव्याकडून येणाऱ्यांनी मात्र पहिला मुक्काम इथेच करावा, असे मी आग्रहाने सांगेन. कारण लांबच्या वाटेला लागण्याची या तालुक्याची परंपरा जुनी आहे.

गावाचे मूळ नाव खेड. शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म इथलाच, २४ ऑगस्ट १९०८ चा. शाळकरी वयातच त्यांनी घर सोडले. चरित्रकार सांगतात, की खिशात जेमतेम काही पैसे घेऊन ते पायी नाशिकला गेले आणि तिथून मजल दरमजल करत काशीला पोहोचले. तिथे संस्कृतचे अध्ययन आणि क्रांतिकारकांशी संबंध, दोन्ही जुळले. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला ब्रिटिश पोलीस अधिकारी साँडर्सचा वध झाला, त्यात राजगुरू सहभागी होते. पुढच्या वर्षी राजगुरू पुण्यात पकडले गेले. २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासह ते फासावर गेले. आज आपण वातानुकूलित गाडीतून जातो त्या नाशिकच्या दिशेने हा मुलगा चालत निघाला होता. भीमेकाठचा राजगुरुवाडा आणि तिथली जन्मखोली सकाळच्या निवांत वेळी पाहावी. मुलांना इतिहास सांगायला यापेक्षा चांगली जागा नाही.

याच तालुक्यातील दावडी हे बडोद्याच्या गायकवाडांचे मूळ गाव मानले जाते. पिलाजीरावांनी अठराव्या शतकात गुजरातेत पाय रोवले. वाफगावला होळकरांचा भुईकोट आहे. यशवंतराव होळकरांचा जन्म १७७६ साली तिथला. इंग्रजांशी लढत ते पंजाबात बियास नदीपर्यंत गेले आणि डिसेंबर १८०५ मध्ये राजघाटचा तह झाला. प्रवाशांच्या दृष्टीने याच घराण्याचे आणखी मोठे ऋण आहे. अहिल्यादेवींनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. खोलीचे भाडे परवडणार नाही अशा माणसालाही परमुलुखात पाठ टेकता यावी, ही व्यवस्था त्यामागे होती.

पाहण्याजोगे बरेच आहे. खुद्द गावात दिलावरखानाची कबर आणि मशीद आहे, सतराव्या शतकाच्या आरंभीची. कबरीची घुमटाची चौरस दगडी इमारत पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. वाडा गावाच्या रस्त्याने भीमाशंकरकडे निघाले की चास लागते. बाजीराव पेशव्यांच्या पत्नी काशीबाई इथल्या चासकर जोशी घराण्यातल्या. सोमेश्वराच्या देवळासमोरची उंच दगडी दीपमाळ जरा वेळ काढून पाहावी; दिवे ठेवायचे दगडी हात खालपासून वरपर्यंत ओळीने बाहेर आलेले आहेत. पुढे चासकमान धरण आणि साधारण ६५ किलोमीटरवर भीमाशंकर. ज्योतिर्लिंगाभोवतीचे जंगल १९८५ पासून अभयारण्य आहे. नशीब असेल तर झाडांच्या शेंड्यांवर शेकरू दिसतो. श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्र मात्र टाळावी. गर्दीत ना दर्शन धड होते, ना जंगल.

आता राहण्याचे. गावातली सोय साध्या लॉजची. अधिक सुखसोयी हव्या असतील तर दहा-बारा किलोमीटर मागे चाकण आहे. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने इथे सुरू झाले. कारखान्यांच्या कामासाठी येणारे तंत्रज्ञ आणि अधिकारी यांच्यासाठी या पट्ट्यात चांगली हॉटेले उभी राहिली. ती प्रामुख्याने कामानिमित्त येणाऱ्यांची, म्हणून शनिवार-रविवारचा दर वेगळा आहे का, हे फोनवर विचारावे. गाडी आवारात लागते का, गरम पाणी किती वाजेपर्यंत येते, भाड्याची गाडी असेल तर चालकाच्या झोपण्याची सोय काय, हेही आधीच विचारून घ्यावे. दिवसभर घाट आणि कंटेनर झेलणाऱ्या माणसाला रात्री गाडीतच झोपायला लावणे हा अन्याय आहेच, दुसऱ्या दिवशी तो आपल्याच जिवाशी खेळही ठरतो. सकाळी चाकणची कोंडी टाळायची असेल तर मुक्काम राजगुरुनगरलाच बरा.

पंजाबात जाणारी आपली मंडळी सुवर्णमंदिर आणि वाघा सीमा पाहून परततात. फिरोजपूरजवळ सतलजच्या काठी हुसैनीवाला आहे. तिथे भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांचे राष्ट्रीय स्मारक आहे. अमृतसरपर्यंत जाणाऱ्या मराठी माणसाने प्रवासाचा आराखडा करताना सुरुवातीला एक रात्र राजगुरुनगरला द्यावी आणि शेवटी एक दिवस हुसैनीवालाला राखून ठेवावा.