विश्लेषण : पंखे सुरू, तरी दुपारी कॉम्प्युटर का रखडतो? वाऱ्याची दिशा इतकी महत्त्वाची का?

मे महिन्याची दुपार. गोंदिया शहराजवळच्या मुर्रीसारख्या गावातील ऑनलाइन केंद्रासमोर रांग असते. कुणाला उन्हाळी धानाच्या विक्रीची नोंदणी करायची असते, कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाच्या मुलीचा प्रवेशअर्ज भरायचा राहिलेला असतो. शेवटची तारीख जवळ आलेली असते आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर अडखळू लागतो. आतला पंखा घरघरतो, माऊस सरकत नाही, कधी यंत्र आपोआप बंद पडते. अशा वेळी सगळा राग सर्व्हरवर निघतो. कित्येकदा तो रास्तही असतो. पण इंटरनेट न लागणारी साधी फाईल उघडायलाही वेळ लागत असेल आणि सकाळी सुरळीत चालणारे यंत्र दुपारीच रखडत असेल, तर बिघाड टेबलाखालच्या डब्यात असण्याची शक्यता मोठी.

प्रोसेसर तापला की नेमके काय होते?

ज्या डब्याला सगळे ‘सीपीयू’ म्हणतात, तो खरे तर कॅबिनेट. सीपीयू म्हणजेच प्रोसेसर आत मदरबोर्डवर बसवलेला असतो, आकाराने काडेपेटीएवढा. तो वापरत असलेल्या जवळपास सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते. इंटेलच्या अनेक प्रोसेसरना सुमारे १०० अंश सेल्सिअसची, तर एएमडीच्या रायझेन मालिकेत साधारण ९० ते ९५ अंशांची मर्यादा असते. ती गाठली की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. याला ‘थ्रॉटलिंग’ म्हणतात. तेवढ्यानेही तापमान उतरले नाही, तर यंत्र बंद होते. हा बिघाड नव्हे, जीव वाचवण्याची सोय आहे. अर्धा भरलेला अर्ज मात्र जातो.

४५ अंशांत गणित का बिघडते?

पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. त्यामुळे पंखा कितीही महाग घेतला तरी प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. समजा, एखादा प्रोसेसर पूर्ण जोरात चालताना भोवतालच्या हवेपेक्षा ४० अंशांनी जास्त तापतो. पुण्यातील एसी कार्यालयात हवा २५ अंशांची असेल, तर तो ६५ वर राहील. नवतप्यात पूर्व विदर्भातल्या पत्र्याच्या खोलीत हवाच ४५ ची असेल, तर तो ८५ वर जाईल. ही झाली थेट खोलीची हवा मिळाल्याची गोष्ट. प्रत्यक्षात प्रोसेसरला मिळते ती कॅबिनेटमधली हवा.

इथे थोडा हिशेब मांडायला हवा. यंत्र १०० वॉट उष्णता टाकत असेल आणि आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर दर सेकंदाला साधारण ९ लिटर हवा आत येऊन बाहेर गेली पाहिजे. निम्मीच गेली तर फरक २० अंशांचा होतो. मग वरच्या उदाहरणातला प्रोसेसर ८५ ऐवजी १०५ वर जायला बघेल, म्हणजे मर्यादेच्या पार. पुण्यात हाच निष्काळजीपणा खपून जातो, गोंदियात नाही.

पंखे वाढवून का भागत नाही?

विदर्भात याचे उत्तर घरोघरी माहीत आहे. कूलर लावला आणि समोरची खिडकी बंद ठेवली, तर खोली गार होत नाही, नुसती चिकचिक होते. आलेल्या हवेला जायला वाट लागते. कॅबिनेटमध्येही तेच. पुढचा आणि मागचा असे दोन्ही पंखे हवा आत ढकलत असतील, तर ते एकमेकांच्या आड येतात. मागचा पंखा उलटा बसला असेल, तर पॉवर सप्लायने नुकतीच बाहेर टाकलेली गरम हवा तो पुन्हा आत ओढतो. नेहमीची रचना सरळ आहे : पुढून किंवा खालून हवा आत, मागून किंवा वरून बाहेर. प्रोसेसरवर उभा टॉवर कूलर असेल, तर त्याच्या पंख्याचा झोतही मागच्या पंख्याकडेच हवा. इंटेलसोबत मिळणारा छोटा गोल कूलर हवा खाली मदरबोर्डवर मारतो आणि त्यामुळे शेजारचे भागही गार राहतात. तो उलटा फिरवण्याचा उद्योग न केलेला बरा.

‘गरम हवा आपोआप वर जाते, पंखा कुठेही चालेल’ असेही सांगितले जाते. एवढ्याशा डब्यात हवा वर चढण्याचा जोर पंख्यापुढे अगदी किरकोळ असतो. हवा पंखा नेईल तिकडेच जाते.

दिशा कशी ओळखायची?

बऱ्याच पंख्यांच्या कडेला दोन बाण कोरलेले असतात. एक पाती फिरण्याची दिशा दाखवतो, दुसरा हवेची. बाण नसतील तर मोटारीला धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या ज्या बाजूला दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. तरीही खात्री नसेल तर उदबत्ती लावून जाळीपासून थोड्या अंतरावर धरायची. धूर आत खेचला जातो की दूर फेकला जातो, हे लगेच दिसते. राख मात्र आत जाऊ द्यायची नाही.

सुपरकॉम्प्युटरलाही हीच अडचण?

हो, फक्त प्रमाण वेगळे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ हा क्रे एक्ससी-४० बनावटीचा सुपरकॉम्प्युटर सुरू झाला. या बनावटीत हवा कपाटांच्या रांगेतून आडवी वाहते. एका कपाटातून निघालेली गरम हवा तशीच पुढच्यात गेली असती, तर शेवटचे कपाट भाजून निघाले असते. म्हणून मध्ये थंड पाण्याच्या नळ्या असतात. त्या हवेतली उष्णता काढून घेतात आणि मगच ती पुढे जाते. मोठ्या डेटा सेंटरमध्येही थंड आणि गरम हवेच्या गल्ल्या वेगळ्या ठेवल्या जातात.

गोंदियात धुळीचे काय करायचे?

हा राईस मिलचा जिल्हा. कोंडा आणि तुसाची बारीक धूळ कुठेही शिरते. कॅबिनेटमधून हवा बाहेर टाकणारे पंखे जास्त जोरकस असतील, तर कमी पडलेली हवा प्रत्येक फटीतून आत ओढली जाते आणि सोबत धूळही येते. म्हणून अशा ठिकाणी आत येणारी हवा किंचित जास्त ठेवणे आणि तिच्या वाटेवर धुता येणारी जाळी लावणे फायद्याचे. जाळी चोंदली की मात्र सगळेच मुसळ केरात, ती दर पंधरवड्याला झटकावी लागते. ब्लोअरने सफाई करताना वीज बंद ठेवून पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. झोताने ती भरमसाट फिरली तर पंखा खराब होऊ शकतो.

खर्च करण्याआधी काय पाहावे?

पहिली चूक बहुधा फर्निचरची असते. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात, पाठ भिंतीला टेकलेली, वर कपड्याचे आवरण. तिथे बाहेर पडलेली हवा फिरून पुन्हा आतच येते. मागे वीतभर जागा सोडली तरी फरक पडतो.

दुसरी चाचणी फुकटची. तापमान दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर सुरू करून दुपारी आकडा लिहून ठेवायचा. मग कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून, तेच काम करत पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहायचे. आकडा आठ-दहा अंशांनी उतरला तर दोष हवेच्या वाटेत आहे : पंख्यांची दिशा, जाळी, जागा. जेमतेम एक-दोन अंशच उतरला तर प्रोसेसरवरचा कूलर धुळीने भरला आहे, सैल बसला आहे किंवा त्याखालची थर्मल पेस्ट वाळली आहे. अशा वेळी नवा पंखा घेऊन पैसे वाया जातील. झाकण कायमचे उघडे ठेवायचे नाही, कारण धूळ आणि उंदीर.

खोलीत कूलर असेल तर त्याचा फायदा प्रोसेसरलाही होतो, कारण खोलीची हवाच गार होते. मात्र तुषार उडतील इतक्या जवळ कॅबिनेट नको. लाइट गेली की कूलर थांबतो आणि कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर सुरूच राहतो. खोली तापू लागते. तेव्हा आधी फॉर्म सेव्ह करावा.